उमरीचे चुलाण

उमरी हे काही कोणी मुद्दाम पाहायला जावे असे गाव नाही. तेथे किल्ला नाही, लेणी नाहीत आणि थंड हवा तर औषधालाही नाही. नांदेडहून पूर्वेकडे निघालेली पॅसेंजर मालटेकडी, मुगट, मुदखेड अशी स्टेशने घेत घेत उमरीला येते, जेमतेम उतरायला सवड देते आणि धर्माबादच्या मिरच्यांकडे आणि बासरच्या सरस्वतीकडे निघून जाते. आपण फलाटावर एकटे उरतो. समोर कडुनिंब, बाहेर चहाचा गाडा आणि त्या गाड्यावर मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत चाललेली कापसाच्या भावाची चर्चा. हे आमचे उमरी!

'आमचे' म्हणायचे कारण इतकेच, की माझी थोरली बहीण, आक्का, बत्तीस वर्षांपूर्वी या गावात दिली. मी परभणी सोडून नोकरीपायी डोंबिवलीकर झालो आणि भाऊबीज मनिऑर्डरीवर, पुढे मोबाइलवर उरकू लागलो. गेल्या साली मात्र आक्काचा फोन आला. "पैसे पाठवू नकोस. तू ये. इथं बाप-लेकात बोलणं राहिलं नाही."

रात्री मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेस धरली, सकाळी नांदेडला उतरलो आणि पॅसेंजरने पाडव्याच्या दुपारी उमरीत दाखल झालो.

या आडवाटेच्या गावाला एक इतिहास आहे आणि तो उमरीकर पाहुण्याला चहाच्या आधी ऐकवतात. निजामाच्या राजवटीत उमरी ही कापसाची मोठी पेठ. पेठ मोठी म्हणून बँकही होती. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात, ३० जानेवारी १९४८ या दिवशी, स्वातंत्र्यसैनिकांनी ही बँक लुटली आणि तो पैसा लढ्याच्या कामी लावला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. त्यामुळे उमरीची बातमी देशाच्या कानावर जायची ती राहूनच गेली. पुढे सतरा सप्टेंबरला मराठवाडा मोकळा झाला. ही गोष्ट मी इथे उगीच सांगत नाही. तिचा आमच्या घरच्या भांडणाशी संबंध आहे.

भाऊजी धंद्याने आचारी. त्यांचे वडीलही आचारी. पंचक्रोशीतले लग्न, मुंज, बारसे, तेरावे यांपैकी काहीही असो, पंगत भाऊजींच्या हातची. घराच्या मागच्या अंगणात पत्र्याखाली त्यांचे चुलाण होते. शहरातल्या वाचकांना चुलाण म्हणजे काय ते सांगायला हवे. जमिनीत गुडघाभर खोल, दहा-बारा हात लांब असा चर खणायचा, दोन्ही कडा दगडमातीने बांधून काढायच्या, वर एका रांगेत चार मोठी पातेली बसतील अशी जागा ठेवायची आणि एका तोंडाने बाभळीचे ओंडके सारायचे. एकदा पेटले, की ते दुपारपर्यंत विझत नाही. पहिल्या पातेल्याखाली जाळ, दुसऱ्या-तिसऱ्याखाली धग, शेवटच्याखाली नुसता विस्तव. पहिल्यावर भात उकळायचा आणि शेवटच्यावर खीर मुरायची. आच कमी-जास्त करायला कान पिळायची सोय नाही. पातेलेच उचलून पुढे-मागे सरकवायचे. भाऊजी हे सारे डोळे मिटून करत. 'डोळे मिटून' हे अलंकारिक नव्हे. धुराने डोळे उघडे ठेवताच येत नसत.

आणि त्या चुलाणावरची येसर आमटी! येसर म्हणजे गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून दळलेले पीठ. ते फोडणीच्या उकळत्या पाण्यात कालवून सोडायचे आणि मंद विस्तवावर आमटी आटवायची. मराठवाड्यातल्या पंगतीत ही आमटी वाढायला आली, की बोलणी थांबतात. भाऊजींच्या आमटीला धुराचा एक पुसट वास असे. लोक म्हणत, "चव त्या वासात आहे." भाऊजींनाही तसेच वाटे.

भाच्याला तसे वाटत नव्हते, आणि भांडणाचे मूळ तेच होते.

भाचा चार वर्षे पुण्यात एका केटररकडे काम करून परत आलेला. पाडव्याच्या संध्याकाळी त्याने वही उघडून माझ्यापुढे ठेवली. "मामा, तुम्ही ऑफिसातले. तुम्हीच हिशेब बघा."

हिशेब खरोखर बघण्यासारखा होता. चारशे पानांच्या पंगतीला बाभळीचे लाकूड दोन ते अडीच क्विंटल लागते, हे भाऊजींचेच आकडे. पण उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेतली शंभरातली पंधराच्या आसपास पातेल्याला लागते. बाकीची भिंतींना, पत्र्याला आणि आचाऱ्याला. गॅसच्या चांगल्या शेगडीवर निम्म्याहून अधिक उष्णता भांड्याला मिळते. शिवाय वजनावारी पाहिले तर गॅसमध्ये लाकडाच्या अडीच-तीन पट उष्णता. म्हणजे अडीच क्विंटल लाकडाचे काम धंद्याच्या एकोणीस किलोंच्या एका सिलिंडरात आणि दुसऱ्यातल्या थोड्याशात भागते. लाकूड आणणे, फोडणे, वाळवणे, पावसात झाकणे या साऱ्याला दोन गडी लागत. ते वेगळेच.

"आणि पाट्यावर वाटण वाटायला तीन बाया," भाचा म्हणाला. "तेच काम दगडाच्या ग्राइंडरवर एका तासात होतं. मुद्रा योजनेत कर्ज मिळतं. मी बँकेत विचारून आलोय."

तोवर गप्प बसलेले भाऊजी उसळले. "बँक? ह्या उमरीत बँक लुटणारी माणसं होऊन गेली. आता बँकेनं आम्हाला लुटायचं राहिलंय!"

मी हसलो. हसणारा मी एकटाच होतो.

"कर्ज नको तर माझ्या पाटल्या घ्या," आक्का आतून म्हणाली.

"पाटल्यांना हात लावायचा नाही," भाऊजी म्हणाले. "आणि गॅसवर अन्न शिजतं, पण मुरत नाही. मला शिकवू नका." ते उठून अंगणात गेले. भाच्याने वही मिटली.

मला या वादात खरी गंमत ही वाटली, की आक्काच्या स्वयंपाकघरात गेली पंधरा वर्षे गॅस होता! घरच्या चार माणसांचा चहा गॅसवर आणि गावच्या चारशे माणसांचा स्वयंपाक लाकडावर. त्यात कोणालाच काही विसंगत वाटत नव्हते. घर ते घर आणि धंदा तो धंदा.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. पहाटे चारला जाग आली ती धुराने. गावातल्या एका घरी पाहुणे जास्त होते आणि त्यांची दीडशे पुरणपोळ्यांची मागणी होती. आक्का चुलाणाच्या तोंडाशी बसून पोळ्या भाजत होती. भाऊजींच्या धंद्यात नाव भाऊजींचे, पण पोळी आक्काची, हे मला तेव्हा कळले. मी जवळ गेलो तर डोळ्यांतून पाणी आले आणि मी मागे सरलो. ती तिथे तीन तास बसली होती. तशी ती बत्तीस वर्षे बसत आली होती.

दहा वाजता आंघोळ करून, नवे लुगडे नेसून तिने मला पाटावर बसवले. टिळा लावला. ओवाळायला तबक उचलले आणि तिला खोकला आला. साधा खोकला नव्हे. कमरेत वाकवणारा, थांबता न थांबणारा. तबक डगमगले, सुपारी घरंगळली, निरांजनाची ज्योत आडवी झाली. भाच्याने तबक धरले. आक्का भिंतीला टेकली आणि हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली, "काही नाही. पोळ्यांचा धूर गेला जरा."

दारात भाऊजी उभे होते. ते काही बोलले नाहीत. पण त्यांचा चेहरा मी पाहिला.

तबक पुन्हा उचलले गेले, ओवाळून झाले. मी पाकीट काढले तसे आक्काने हात धरला. "तुला म्हटलं होतं ना, पैसे नको म्हणून?"

दुपारी भाऊजी लाकडाच्या रासेशी बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने तेच म्हणाले, "श्रावणात ती नांदेडच्या डॉक्टरकडे जाऊन आली. मला सांगितलं, बहिणीकडे जाते. पोराला घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणाला, छाती धुरानं धरलीय, चुलीपुढं बसू नका. चिठ्ठी मला तिच्या पेटीत सापडली."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू? चुलाण माझं. पोळी तिची. बोललो असतो तर त्याच दिवशी बुजवावं लागलं असतं."

जगात स्वयंपाकाच्या धुराने घरोघरी दरवर्षी तीस लाखांच्या आसपास माणसे मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा आकडा मी कधीतरी वाचला होता आणि पान उलटले होते. त्या दिवशी तो आकडा माझ्यासमोर नवे लुगडे नेसून तबक धरून उभा राहिला होता. भाऊजींना मी तो सांगितला नाही. त्यांना चिठ्ठी पुरेशी होती.

ते उठले आणि लाकडाच्या रासेवर हात ठेवून म्हणाले, "वर्षाची बाभूळ आहे. वीटभट्टीवाला मागतोय. पोराला म्हणावं, विकून टाक. त्यातून बसेल तेवढं बसव. कर्ज नको."

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघे नांदेडला गेलो. आधी भाऊजींचा आग्रह म्हणून सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकला. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला ते हे स्थान. आजची देखणी इमारत महाराजा रणजितसिंगांच्या काळातली. दर्शन घेऊन लंगरात बसलो. श्रीमंत-गरीब, शीख-हिंदू सारे एका ओळीत जमिनीवर. वरण आणि रोटी वाढणाऱ्यांची लगबग भाऊजी धंदेवाईक नजरेने न्याहाळत होते. "यजमान कोण ते कळत नाही," ते म्हणाले, "आणि तरी कुणी उपाशी उठत नाही." आचाऱ्याच्या तोंडून यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मिळत नसते.

मी त्यांना शिर्डीची हकिकत सांगितली. तेथल्या साईसंस्थानच्या प्रसादालयात २००९ साली गच्चीवर त्र्याहत्तर मोठाल्या आरशांच्या तबकड्या बसवल्या. प्रत्येक तबकडी सोळा चौरस मीटरची. त्या सूर्याबरोबर फिरतात, ऊन एका ठिकाणी गोळा करतात, त्यावर पाण्याची वाफ होते आणि ती वाफ नळांतून खाली स्वयंपाकघरात आणून तिच्यावर हजारो भक्तांचे अन्न शिजवायचे, अशी योजना. वाफेवर वरणभात बुडाशी करपत नाही, कारण वाफेची आच सगळीकडून सारखी लागते. या तबकड्या ज्यांच्या नावाने ओळखल्या जातात ते वोल्फगांग शेफलर ऑस्ट्रियाचे. तिरुपतीच्या डोंगरावरही अशीच योजना झाली.

भाऊजींनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "आणि लग्न पहाटेचं असलं तर?"

भाचाही हसला. बाप-लेक बऱ्याच दिवसांनी एका गोष्टीला हसले.

दुकानात मात्र भाऊजी गप्प झाले. मोठ्या तोंडाच्या चार शेगड्या, लोखंडी तिवया, पोळीचा लांबरुंद तवा, दगडी लाटांचा ग्राइंडर. दुकानदार प्रत्येक वस्तूचे कौतुक सांगत होता. भाऊजींनी एकच प्रश्न विचारला. "ह्या शेगड्या चुलाणात बसतील ना?"

गॅसवाल्याचा कारागीर तेथेच उभा होता. तो म्हणाला, "काका, चरात गॅस लावायचा नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. नळी कुठं गळली तर गॅस वर जात नाही, खड्ड्यात साचून राहतो. काडी ओढली की भडका. चर आधी बुजवा. शेगड्या सपाट जमिनीवर, सिलिंडर बाहेर मोकळ्या हवेत उभे, आणि भिंतीला खालच्या बाजूलाही झरोके ठेवा. घरचं सिलिंडर तर धंद्याला मुळीच आणायचं नाही. कायद्यानं मना आहे."

म्हणजे चुलाणाशेजारी नवी शेगडी ठेवून दोन्ही नांदवायचे भाऊजींच्या मनात होते, ते सरले.

परत येताना गाडीत ते खिडकीबाहेर पाहत होते. दोन्हीकडे वेचणीला आलेला कापूस. मुदखेड गेल्यावर म्हणाले, "ते चुलाण बाबांनी बांधलंय. दर वर्षी तुळशीच्या लग्नाआधी आई ते पांढऱ्या मातीनं सारवायची."

त्या वर्षी तुळशीच्या लग्नाआधी ते बुजवले. पहिली पाटी भाऊजींनी स्वतः टाकली. आक्काने त्याआधी हळदकुंकू वाहिले. माझ्या ओवाळणीचे पैसे अखेर तिने घेतले, पण पाटल्यांसारखे पेटीत ठेवायला नव्हे. पत्र्यावर धुराडे आणि भिंतीत धूर ओढणारा पंखा त्यातून बसला. "भावानं बहिणीला भाऊबीजेला धुराडं घातलं," असे म्हणून शेजारणी खूप हसल्या. मी डोंबिवलीला परतलो.

पण गोष्ट इथे संपत नाही. मार्गशीर्षात उमरीतच एक लग्न होते, चारशे पानांचे, आणि नव्या भटारखान्याची ती पहिली मोठी परीक्षा. भाच्याने मला बोलावले. आणि खरे सांगायचे तर मलाही राहवले नसते.

पहाटे तीनला कामाला सुरुवात झाली. थंडी कडक होती. चार शेगड्या निळ्या ज्योतींनी सूं-सूं करू लागल्या. भिंती नव्याने चुन्याने रंगवलेल्या, धूर नाही, आणि आक्का कोरड्या डोळ्यांनी पोळ्या भाजत असलेली. मला धन्य वाटले. तासाभरात पहिले विघ्न आले. येसर आमटीचे पातेले जुने, पातळ बुडाचे, आणि ज्योत एकाच जागी लागणारी. आमटी खाली लागली! भाऊजींनी झाकण उचलले, वास घेतला आणि काही न बोलता पातेले उतरवले. वरची आमटी दुसऱ्या भांड्यात काढली, बुडाला जाड लोखंडी तवा घातला आणि ज्योत मुंगीएवढी केली. विस्तवाचे काम त्यांनी गॅसकडून असे करून घेतले.

दुसरे विघ्न मोठे. पाचच्या सुमारास सगळ्या ज्योती हळूहळू बसू लागल्या. भाचा बाहेर धावला. चारही शेगड्या एकाच सिलिंडरावर होत्या आणि सिलिंडरावर खालून अर्ध्यापर्यंत दहिवर गोठले होते! सिलिंडरात गॅस पातळ रूपात असतो. तो वायू होताना आजूबाजूची उष्णता शोषतो. थंडीच्या पहाटे चार मोठ्या शेगड्यांनी एकाच वेळी ओढल्यावर सिलिंडर गारठला आणि दाब उतरला. आत गॅस होता, पण बाहेर यायला तयार नव्हता. कोणी म्हणाले, उकळते पाणी ओता. कोणी म्हणाले, शेजारी शेकोटी करा. भाचा ओरडला, "कुणी हात लावायचा नाही! सिलिंडरला विस्तव दाखवायचा नाही!" पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. भाताची दोन पातेली अर्धकच्ची, मुहूर्त साडेअकराचा आणि मांडवात वऱ्हाड उतरू लागलेले.

भाऊजींनी उपरणे कमरेला बांधले. "दोन शेगड्या बंद कर. उरलेल्या दोहोंवर तुझं चालू दे. भात मला दे." सिलिंडरांपासून लांब, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला त्यांनी तीन-तीन दगड मांडले. विकून उरलेली थोडी बाभूळ अजून कुंपणाशी होती. पाहता पाहता जाळ झाला. म्हाताऱ्या हाताला आच मोजायला घड्याळ लागत नाही. उजाडल्यावर भाच्याने गॅसवाल्याकडून दोन सिलिंडर एकत्र जोडायची नळी आणवली, ओढ वाटली गेली आणि ज्योती पुन्हा उभ्या राहिल्या. पंगत वेळेवर बसली.

आता चवीची गोष्ट. मी वाढप्यांच्या मागे मागे फिरत होतो. येसर आमटी दोनदा मागितली जात होती. एका पिकल्या मिशीच्या गृहस्थांनी भाऊजींना हाक मारली. "महाराज, गॅस लावला म्हणे? पण आमटीला तुमच्या चुलाणाचा वास आहे की हो!"

तो वास बुडाला लागलेल्या आमटीचा होता, हे आम्हा तिघांनाच ठाऊक. भाऊजी नम्रपणे हसले.

रात्री मोकळ्या भटारखान्यात आम्ही जेवायला बसलो. आक्का म्हणाली, "आज उभ्यानं पोळ्या केल्या. पाठ दुखते." तक्रारीचा सूर नव्हता. भाच्याने वडिलांच्या पानात भात वाढला आणि म्हणाला, "ते तीन दगड राहू द्या बाबा. खिरीला लागतील."

"कामून?" भाऊजी म्हणाले. "जाड बुडाची दोन पातेली आण. खीरही इथंच होईल." मग थोडे थांबून, "दगड राहू दे मात्र."

यंदाच्या दिवाळीचे आमंत्रण आले आहे. डॉक्टर आक्काला सांगतात, की गेले ते परत येणार नाही, पण आता वाढू नये. खोकला आहे, पण तबक डगमगावे इतका नाही, असे भाचा कळवतो. पाटल्या पेटीतच आहेत. आणि आक्काने फोनवर बजावले आहे, "ओवाळणी आणू नकोस. धुराडं अजून चांगलं चाललंय."